नसलेल्या केबलचा दिवा

पनवेलजवळच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत ‘योट्टा एनएम १’ हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झालं. टाळेबंदीचा काळ होता, त्यामुळे तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी उद्घाटन पडद्यावरूनच उरकलं. नेटवर्कवर जगणाऱ्या इमारतीचं उद्घाटन नेटवर्कवरून व्हावं, हे शोभलंही. सुमारे ८.२ लाख चौरस फूट जागा, ७,२०० रॅकची क्षमता, ५० मेगावॉट वीज असे आकडे तेव्हा जाहीर झाले. शिवाय अपटाइम इन्स्टिट्यूटचं ‘टियर ४’ प्रमाणपत्र. त्याचा मथितार्थ असा, की कुठलंही एक यंत्र किंवा कुठलीही एक वाहिनी अचानक बिघडली, तरी आत चाललेल्या कामाला धक्का लागता कामा नये. म्हणून सगळं किमान दोन-दोन: विजेच्या वाटा दोन, फायबरच्या वाटा दोन, स्विच दोन.

वीज जाण्याचा प्रश्न अशा इमारतींनी बराचसा सोडवलेला असतो. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकदम अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. असा दिवस उगवेल हे गृहीत धरूनच डेटा सेंटर बांधतात. पहिली काही मिनिटं बॅटऱ्या सांभाळतात, पुढे डिझेल जनरेटर. वीज थोडी का होईना साठवून ठेवता येते. नेटवर्कची जोडणी मात्र साठवता येत नाही. तुटली की त्या क्षणी तुटली. हातात एवढंच उरतं, की तुटल्याचं चटकन कळावं आणि कामकाज दुसऱ्या वाटेला लावावं. पण कळावं कुणाला? आणि सगळ्यांनाच कळायला हवं का? या प्रकरणाचा विषय हाच आहे. तो अवघड होण्याचं कारण म्हणजे आजच्या डेटा सेंटरमधले बहुसंख्य संगणक लोखंडाचे नाहीत. एकेका खऱ्या सर्व्हरच्या पोटात दहा-वीस, कधी शंभर आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालतात. धंद्यातली माणसं त्यांना नुसतं ‘व्हीएम’ म्हणतात. खऱ्या सर्व्हरला म्हणतात होस्ट, आणि पोटातल्याला गेस्ट. गेस्टला नेटवर्कचं कार्ड दिसतं, त्या कार्डात केबल खोचलेली दिसते. प्रत्यक्षात कार्डही नाही आणि केबलही नाही.

आधी खरी केबल घेऊ. तांब्याच्या जोडतारांवर चालणारं इथरनेट १९९० मध्ये प्रमाणित झालं. तेव्हाच हा प्रश्न पुढे आला होता, की तारेवर कुणी बोलत नसेल तेव्हा ती जिवंत आहे की तुटली, हे ओळखायचं कसं? उत्तर साधं होतं. माहिती पाठवायची नसली तरी दोन्ही टोकांनी साधारण दर १६ मिलिसेकंदांनी विजेचा एक बारीक ठोका सोडायचा. ठोके येताहेत तोवर लिंक ‘अप’, काही काळ आलेच नाहीत तर ‘डाऊन’. पुढे वेग वाढले, फायबर आलं, ठोक्यांच्या जागी अखंड वाहणारा प्रकाश आणि रिकामे संकेत आले. पण तत्त्व तेच राहिलं. स्विचच्या तोंडाशी लुकलुकणारा हिरवा दिवा ही बातमी देतो.

ही बातमी किती तोकडी आहे, हे ज्यांच्या घरी लँडलाइन होती त्यांना वेगळं सांगायला नको. रिसीव्हर उचलून आपण आधी टोन ऐकायचो. टोन आली म्हणजे घरापासून एक्स्चेंजपर्यंतची तार शाबूत, एवढंच सिद्ध व्हायचं. पुण्याच्या मामांचा फोन लागेल की नाही, हे टोन सांगायची नाही. लिंकचा दिवाही फक्त पलीकडच्या टोकापुरतं बोलतो, आणि ते टोक बहुधा त्याच रॅकच्या माथ्यावरचा स्विच असतो.

आता व्हीएमकडे येऊ. इथे ठोके सोडायला तारच नाही. तरी गेस्टमधल्या ऑपरेटिंग सिस्टिमला लिंकची स्थिती विचारायची सवय असते, तेव्हा होस्टवरच्या सॉफ्टवेअरला, म्हणजे हायपरव्हायजरला, काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. जुन्या खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल करण्याच्या पद्धतीत ही गंमत टोकाला जाते. इंटेलचं ‘ई१०००’ कार्ड क्यूईएमयू हे सॉफ्टवेअर जसंच्या तसं वठवतं. गेस्ट त्या कार्डाला पलीकडच्या टोकाशी वेग ठरवून घ्यायला सांगतो. पलीकडे कुणीच नसतं, म्हणून क्यूईएमयू अर्धा सेकंद थांबतं आणि मग सगळं ठरल्याचं जाहीर करतं. गेस्टला दिसणारा १ गिगाबिटचा वेगही असाच कागदोपत्री. खरी माहिती त्याहून वेगाने जाऊ शकते किंवा पुष्कळ हळूही. व्हीएमवेअरचं ‘व्हीएमएक्सनेट३’ कार्ड खाली काहीही असलं तरी छातीठोकपणे १० गिगाबिट सांगतं.

व्हर्टआयओ या नव्या पद्धतीने हे नाटक बंद केलं. तिथे कार्डाच्या माहितीत ‘स्टेटस’ नावाचा १६ बिटांचा रकाना आहे आणि त्यातला पहिला बिट म्हणजे लिंक. १ असेल तर जोडलेली, ० असेल तर तुटलेली. होस्टने तो बिट बदलला की गेस्टला एक इंटरप्ट जातो, गेस्टमधला ड्रायव्हर रकाना पुन्हा वाचतो आणि वरच्या थरांना कळवतो. होस्टचा चालक ‘व्हर्श डोमिफ-सेटलिंक’ ही आज्ञा देऊन बसल्या जागी केबल ‘उपटू’ शकतो. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘केबल कनेक्टेड’ अशी चौकट दिसते. चालू व्हीएमवर तिची खूण काढून पाहावी. आत विंडोज असेल तर कोपऱ्यातलं नेटवर्कचं चिन्ह लगेच बदलतं.

व्हर्टआयओच्या मानकातलं एक वाक्य मला फार बोलकं वाटतं. गेस्टच्या ड्रायव्हरला हा स्टेटसचा रकाना वाचता येत नसेल, तर त्याने लिंक चालू आहे असंच धरून चालावं, असं ते मानक सांगतं. बातमी नसेल तर सगळं ठीक आहे, हा आशावाद तिथे नियम म्हणूनच लिहिलेला आहे. खऱ्या केबलच्या बाबतीत शांतता म्हणजे मृत्यू होता. इथे शांतता म्हणजे खुशाली.

तेव्हा व्हीएममधली लिंकची स्थिती कुणी मोजलेली नसते. ती कुणीतरी सांगितलेली असते. आणि सांगणाऱ्यापुढे निवड असते.

समजा, होस्टची बाहेर जाणारी खरी केबल तुटली. त्या होस्टवर तीस व्हीएम आहेत. त्यांना सांगायचं का? सांगावं म्हणणाऱ्याचं म्हणणं सरळ आहे: बाहेरचा रस्ता बंद झालाय, तर गेस्टला ते समजू दे, त्याच्याकडे दुसरं कार्ड असेल तर तो तिकडे वळेल. न सांगावं म्हणणाऱ्याचं म्हणणं तितकंच वजनदार आहे. त्या तिसांपैकी एकावर वेबसाइट आणि शेजारच्यावर तिचा डेटाबेस असेल, तर त्या दोघांचं बोलणं होस्टच्या पोटातल्या आभासी स्विचमधूनच होतं. बाहेरच्या केबलशी त्याचा संबंध नाही. मग तिच्यापायी या दोघांची चालू संभाषणं का मोडायची?

प्रचलित उपायांमध्ये दोन्ही मतं सापडतात. लिनक्सच्या साध्या ब्रिजवर टांगलेल्या गेस्टला बाहेरची केबल तुटल्याचा पत्ताही लागत नाही. व्हीएमवेअरच्या स्विचवरही तेच. पण त्याच होस्टवर ब्रिजऐवजी मॅकव्हीटॅप, म्हणजे थेट खऱ्या कार्डावर बसवलेली जोडणी वापरली, तर खालच्या कार्डाची स्थिती निदान होस्टवरच्या त्या जोडणीपर्यंत तरी झिरपते. म्हणजे जोडणीचा प्रकार बदलला की बातमी पोचण्याचा नियमही बदलतो, आणि तो बदल सेटिंगच्या पानावर कुठे ठळक लिहिलेला नसतो. पुष्कळ रात्रपाळ्या याच्या पायी जातात.

सगळ्यात प्रामाणिक मांडणी एसआर-आयओव्हीची वाटते. यात एका खऱ्या कार्डाचे तुकडे करून एकेक तुकडा थेट एकेका गेस्टला देतात. प्रत्येक तुकड्याच्या लिंकसाठी चालकाला तीन पर्याय मिळतात. ‘ऑटो’ म्हणजे खऱ्या केबलची जी स्थिती तीच सांग. ‘एनेबल’ म्हणजे केबल तुटली तरी लिंक जोडलेलीच दाखव, म्हणजे त्याच कार्डावरचे शेजारी आपसात बोलू शकतील. ‘डिसेबल’ म्हणजे केबल धडधाकट असली तरी याला काही जाऊ देऊ नकोस. खरं सांगणं, मुद्दाम खोटं सांगणं आणि दार बंद करणं हे तिन्ही मार्ग इथे उघडपणे मांडलेत, आणि चालकाला त्यांतला एक निवडावा लागतो.

मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२ आर२ मध्ये चौथी वाट काढली. हायपर-व्हीच्या क्लस्टरमध्ये एखादं नेटवर्क ‘संरक्षित’ म्हणून नोंदवलं आणि एका होस्टवर ते तुटलं, तर व्हीएमला काही सांगत न बसता तिला चालत्या अवस्थेत दुसऱ्या, धडधाकट होस्टवर हलवायचं. अर्थात हलवण्यासाठी वेगळं नेटवर्क शाबूत लागतं.

इथेच ‘टियर ४’ इमारतीचा विरोधाभास आहे. जिथे सगळं दोन-दोन आहे, तिथे एक केबल तुटणं ही गेस्टपर्यंत जाण्याजोगी बातमीच नाही. होस्टच्या दोन कार्डांची जोडी बांधलेली असते; लिनक्समध्ये तिला बाँडिंग म्हणतात. एक लिंक पडली की क्षणार्धात सगळं दुसरीवर जातं. इमारत जितकी भक्कम, तितकं आतल्या व्हीएमला कमी कळावं, अशीच रचना असते. मात्र ज्या दिवशी दोन्ही वाटा एकदम जातात, त्या दिवशी अशा लाडावलेल्या व्हीएमला काय करायचं हे ठाऊक नसतं.

शिवाय वाट जाण्यासाठी आपली केबल तुटायची गरजही नाही. पनवेलच्या आसपास गेली कित्येक वर्षं खोदकाम थांबलेलं नाही: विमानतळ, मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण, नव्या वसाहती. जमिनीखालच्या फायबरचा खरा शत्रू जेसीबीचा दात. तो दोन किलोमीटरवर पडला तर सर्व्हर ते स्विच ही दीड मीटरची केबल ठणठणीतच राहते. दिवा हिरवा आणि जग गायब. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या ‘फ्लॅग’ आणि ‘सी-मी-वी ४’ या केबल तुटल्या आणि भारताचा परदेशांशी संपर्क मोठ्या प्रमाणात मंदावला. त्या दिवशी मुंबईतल्या एकाही सर्व्हरचा लिंकचा दिवा त्यापायी विझला नसेल.

म्हणून नुसत्या दिव्यावर न विसंबता पलीकडे हाक मारून पाहण्याच्या युक्त्या निघाल्या. लिनक्सचं बाँडिंग ठरावीक पत्त्यांना एआरपीचे प्रश्न पाठवून उत्तराची वाट पाहू शकतं. व्हीएमवेअर आपल्याच एका कार्डातून दुसऱ्याकडे खुणेची पाकिटं सोडतं. मात्र त्यासाठी तीन कार्डं असावीत असं सांगतात. दोनच असली आणि निरोप पोचला नाही, तर दोघांपैकी दोषी कोण हे ठरत नाही. काही स्विचमध्ये याहून बेधडक सोय असते: स्विचच्या वरच्या वाटा तुटल्या, तर त्याने खालच्या सर्व्हरांकडे जाणाऱ्या निरोगी लिंकही स्वतःहून पाडायच्या. हेसुद्धा खोटंच, पण उपयोगी. सर्व्हरला फक्त दिव्याची भाषा कळते ना, मग त्याच भाषेत सांगू.

बातमी पोचल्यावर गेस्ट काय करतो, हे पुन्हा ज्याच्या त्याच्या स्वभावावर. विंडोज लिंक पडल्याचं कळताच त्या कार्डावरचा आयपी पत्ता बाजूला काढतं, आणि त्या पत्त्यावरची संभाषणं तुटतात. लिनक्सचं केर्नल तसं करत नाही. पत्ता राहतो, वाटा राहतात, त्यांवर ‘लिंक डाऊन’ अशी खूण तेवढी होते. पण त्याच्यावर बसलेलं नेटवर्कमॅनेजर काही सेकंद वाट पाहून सगळं आवरून घेऊ शकतं. रेड हॅटच्या लिनक्समध्ये सर्व्हरसाठी एक छोटं पॅकेज मिळतं. ते घातलं की नेटवर्कमॅनेजर लिंकच्या पडझडीकडे दुर्लक्ष करतं. सिस्टिमडी-नेटवर्कडी वापरणाऱ्यांसाठीही तशी ओळ आहे. म्हणजे एकाच दिवशी उभारलेल्या दोन लिनक्स व्हीएमपैकी एक तीन सेकंदांच्या धक्क्यातून काही न घडल्यासारखी बाहेर येते आणि दुसरी पत्ता हरवून बसते, हे सहज शक्य आहे.

दुर्लक्ष करणं इतकं निर्धास्त का, तर टीसीपीचं संभाषण मुळात तारेत राहतच नाही. ते दोन टोकांच्या संगणकांच्या स्मृतीत राहतं. मधली तार काढली तरी दोघांनाही वाटत राहतं की आपलं बोलणं चालू आहे. पाठवलेल्याची पोच आली नाही तर लिनक्स पुन्हा पुन्हा, दर वेळी जास्त थांबून पाठवतं, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये साधारण १५ मिनिटांनंतर हात टेकतं. तेवढ्यात तार पुन्हा जोडली आणि पत्ता तोच राहिला, तर खिडकीतला अर्धवट अर्जसुद्धा पुढे सरकतो. उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी: बँकेच्या व्यवहारासारख्या कामात १५ मिनिटं आशेवर राहणं परवडत नाही, तिथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच आपली मुदत ठरवायची असते. लिंकचा बिट त्याच्यासाठी ती ठरवणार नाही.

याहून विचित्र प्रसंग म्हणजे चालत्या व्हीएमचं स्थलांतर. २००३ मध्ये व्हीएमवेअरने ही सोय बाजारात आणली. २००५ मध्ये झेन हायपरव्हायजरच्या केंब्रिजमधल्या मंडळींनी ‘क्वेक ३’ या खेळाचा चालू सर्व्हर, खेळाडू खेळत असताना, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेला. खंड पडला फक्त ६० मिलिसेकंदांचा. खेळाडूंना तो जाणवण्याचं कारण नव्हतं. पण रॅकमधल्या स्विचला कोण सांगणार? त्याच्या नोंदीत हे कार्ड अजून जुन्याच पोर्टवर आहे, त्यामुळे तो पाकिटं जुन्या घरी टाकत राहतो. गेस्टच्या दृष्टीने तर लिंक कधी पडलीच नाही, मग तो ‘मी इथे आलो’ असं कशाला पुकारेल? म्हणून क्यूईएमयू गेस्टच्या नावाने स्वतःच ‘हे कार्ड आता इथे आहे’ असं स्विचला कळवणारी रारप पाकिटं सोडतं, नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच वेळा. पण गेस्टने आत आणखी व्हीलॅन आणि पत्ते करून ठेवले असतील, तर होस्टला त्यांचा पत्ता नसतो. त्यासाठी व्हर्टआयओच्या त्याच स्टेटस रकान्यात दुसरा बिट ठेवला गेला: तूच तुझ्या तोंडाने जाहीर कर. गेस्ट जाहीर करतो आणि मग होस्टला पोच देतो.

हायपर-व्हीने इथे वेगळा मार्ग धरला. तिथे होस्टकडून ‘नेटवर्क बदललं’ असा निरोप येतो. लिनक्सच्या ठेवणीत अशा निरोपासाठी खिडकीच नव्हती. त्याला फक्त ‘तुटली’ आणि ‘जोडली’ कळतं. तेव्हा लिनक्समधला हायपर-व्हीचा ड्रायव्हर हा निरोप येताच लिंक आधी पाडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा उभी करतो. न घडलेला अपघात घडवून आणायचा, म्हणजे वरची मंडळी घाबरून नवा पत्ता मागायला धावतील. व्हर्च्युअलबॉक्सही लॅपटॉप झोपेतून उठल्यावर अशीच लिंक काही वेळ पाडलेली ठेवतं. लॅपटॉप सीएसएमटीला मिटला आणि पनवेलला उघडला, तर मधल्या सव्वा-दीड तासात वाय-फाय बदललेलं असतं. आतल्या व्हीएमला ते समजण्याचा दुसरा रस्ता नाही.

एसआर-आयओव्हीच्या गेस्टला तर हलवणंच अवघड, कारण त्याच्या हातात जुन्या होस्टच्या खऱ्या कार्डाचा तुकडा असतो. २०१८ च्या लिनक्स ४.१८ मध्ये यावर तोड आली. एकाच मॅक पत्त्याची दोन कार्डं गेस्टला द्यायची, एक वेगवान खरा तुकडा आणि एक साधं व्हर्टआयओ. हलवण्याआधी खरा तुकडा काढून घ्यायचा, वाहतूक व्हर्टआयओवर येते. नव्या घरी पोचल्यावर तिथला तुकडा द्यायचा.

घिसाडघाईवरही लगाम लागतो. ढिल्या कनेक्टरमुळे लिंक क्षणात पडते, क्षणात उठते, पुन्हा पडते. याला ‘फ्लॅप’ म्हणतात. प्रत्येक वेळी वर बातमी गेली तर गेस्टचा सगळा वेळ आवराआवरीतच जाईल. लिनक्सचं केर्नल तातडीच्या नसलेल्या अशा बातम्या सेकंदाला एकदाच वर सोडतं. बाँडिंगमध्ये उठलेल्या लिंकवर लगेच विश्वास न ठेवता थांबण्याची मुदत देता येते, आणि तिला कारण आहे: स्पॅनिंग ट्रीची जुनी पद्धत पाळणारा स्विच नव्याने उठलेलं पोर्ट १५ आणि १५ असे ३० सेकंद अडवून ठेवतो. दिवा लागलेला असतो, रस्ता उघडलेला नसतो.

आणि सगळं पूर्ववत झाल्यावर एक शेवटची गर्दी होते. रॅकचा स्विच पुन्हा सुरू झाला, शेकडो व्हीएमना एकाच क्षणी ‘लिंक अप’ कळलं, आणि सगळ्या एकदम आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरच्या दारात पत्ता मागायला उभ्या राहिल्या, की सर्व्हर गुदमरतो आणि उत्तरं उशिरा जातात. उत्तर न मिळालेल्या व्हीएम पुन्हा मागतात, गर्दी वाढते. डीएचसीपीचा १९९७ चा मसुदा, आरएफसी २१३१, लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एका रॅकमधल्या शेकडो आभासी संगणकांची अशी गर्दी असण्याचं कारण नव्हतं. पण एखाद्या इमारतीची वीज परत आल्यावर सगळे संगणक एकदम जागे होतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी लिहून ठेवलं, की सुरू होताना प्रत्येकाने आधी १ ते १० सेकंदांमधला कुठलाही मनाला येईल तेवढा वेळ गप्प बसावं आणि मगच मागावं. यंत्र सुरू होण्याला वेळ लागू नये म्हणून आजचे कित्येक प्रोग्रॅम ही विनंती पाळत नाहीत.